तयार उत्तर

वरच्या मजल्यावर पाहुणे उतरले की खालच्या घरातली माणसं चवड्यांवर चालायला लागत. खुर्च्यांच्या पायांना जुन्या ब्लँकेटचे तुकडे चिकटवलेले होते, सकाळी मिक्सरला हात लावायची बंदी होती, आणि घरधनी शिंक आली तर उशीत तोंड खुपसत. घरधनी म्हणजे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरसाहेब. इंजिनाच्या वरताण आवाज काढण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसाला आता स्वतःच्या घरात "मीठ दे" हेसुद्धा कुजबुजून सांगावं लागे. बायकोला ते मॅनेजरीणबाई म्हणत. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि अलीकडे थोडं घाबरून.

बाईंचा हा उद्योग सुरू झाला तो तसा सहजच. वरचा मजला रिकामा होता, सुट्टी घालवायला येणाऱ्यांना राहायला जागा हवी असे, आणि शेजारणीने फोनवर जाहिरात कशी टाकायची ते दाखवलं. पहिल्याच पाहुण्यांनी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'इतकी आपुलकीची मालकीण पाहिली नाही.' बाईंनी ते वाचलं, परत वाचलं, शेजारणीला ऐकवलं. घर चालवता चालवता केस पिकले होते, पण त्या कामाचे गुण आजवर कोणी दिले नव्हते. जेवण चांगलं झालं हे सांगायची नवऱ्याची पद्धत म्हणजे न बोलता पुन्हा ताट पुढे करणं. अशा माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला पाच ताऱ्यांची नशा चढली, तर तिला बोल कसा लावायचा?

पण चढली ती उतरेना. जाहिरात चालवणाऱ्या कंपनीने त्यांच्या नावापुढे 'अव्वल यजमान' असा सोनेरी बिल्ला लावला, आणि बाईंची झोप उडाली. बिल्ला मिळवणं सोपं, टिकवणं महाकठीण. चार तारे म्हणजे चांगलंच की, असं तुम्हाआम्हाला वाटतं. त्या धंद्यात चार तारे म्हणजे थोबाडीत. कोणी लिहिलं, उशी फार मऊ आहे. बाईंनी कडक उश्या आणल्या. पुढच्याने लिहिलं, उशी फार कडक आहे. तेव्हापासून दोन्ही ठेवायच्या. एकाने तळं घरापासून लांब आहे म्हणून तारा कापला, तेव्हा मात्र ड्रायव्हरसाहेबांना राहवलं नाही.

"थांब," ते कुजबुजले, "उद्या जरा ढकलून जवळ आणतो."

बाई हसल्या नाहीत. तळ्याकडे जायच्या वाटेचा नकाशा काढून तो भिंतीवर लावण्यात त्यांची दुपार गेली.

या सगळ्या उश्या, चादरी, पांढरे जाड टॉवेल, छोट्या साबणांची खोकी, यांना जागा हवी. ती जागा म्हणजे खालच्या मजल्यावरची लेकीची खोली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहत होती आणि हल्ली तिचं येणं कमी झालं होतं. आधी तिच्या कपाटात टॉवेल गेले, मग टेबलावर, मग पलंगावर. तिला यायचं असलं की बाई म्हणत, "या आठवड्यात नको गं, वर मोठं कुटुंब आहे, पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात दुसरं मोठं कुटुंब असे. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. आणि गंमत अशी की जाड टॉवेलांचा डोंगर घरात असून ड्रायव्हरसाहेब अंग पुसत ते ज्यातून पलीकडचं दिसावं अशा विरलेल्या पंच्याने. जाड टॉवेल पाहुण्यांचे.

कंपनीचा आणखी एक नियम होता. चौकशी आली की उत्तर झटपट गेलं पाहिजे, नाहीतर तोही डाग बिल्ल्यावरच. शेजारणीने यावर तोड काढून दिली होती. फोनमध्ये उत्तरं आधीच लिहून ठेवायची. एक अक्षर दाबलं की अख्खं वाक्य हजर. खोली रिकामी असेल तर एक अक्षर, नसेल तर दुसरं, तक्रारीला तिसरं. बाई या कलेत इतक्या तयार झाल्या की एका हाताने उशीला अभ्रा चढवत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने उत्तर पाठवत. नवरा म्हणे, बस चालवतानासुद्धा मी एवढा डोळे झाकून गियर टाकला नाही.

त्या दिवशी सकाळचे पाहुणे गेले होते आणि संध्याकाळी नवीन जोडपं यायचं होतं. बाई वरच्या पलंगाची चादर ताणत होत्या. चादरीला एक सुरकुती होती, ती जाता जात नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. 'चार दिवस खोली मिळेल का? लगेच यायचंय.' बाईंनी वरच्या नावाकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठा आपणहून अक्षरावर गेला आणि उत्तर सुटलं: 'आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार. क्षमस्व, या दिवसांत खोली उपलब्ध नाही. पुन्हा सेवेची संधी द्यावी.' मग त्या सुरकुतीकडे वळल्या.

खाली येऊन चहा टाकला तेव्हा सकाळच्या पाहुण्यांनी किती तारे दिले ते बघायला त्यांनी फोन उघडला. ताऱ्यांच्या आधी तो निरोप दिसला. वर नाव लेकीचं होतं. आपलं लाघवी उत्तर त्याखाली होतं. आणि त्याच्या खाली लेकीने एकच शब्द लिहिला होता. 'बरं.'

बाईंनी गॅस बंद केला. चहा उकळायचा होता, तरी बंद केला. लेकीला फोन लावला, तिने उचलला नाही. परत लावला, तेच.

"अहो, तुमच्या फोनवरून लावा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक करायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

बापाचा फोन लेकीने उचलला. ड्रायव्हरसाहेब फक्त "हां", "बरं बरं" करत ऐकत राहिले, आणि मग त्यांनी फोन ठेवला.

"नोकरी सोडली तिने," ते म्हणाले. "आज सकाळी. म्हणते, आईला त्रास नको देऊ, तिच्याकडे गर्दी असते."

बाईंनी पायात चपला सरकवल्या. नवीन पाहुण्यांचं स्वागत त्या नेहमी जातीने करत. सगळ्या कौतुकांत या स्वागताचं एक वाक्य हमखास असे. त्यांनी किल्ल्या नवऱ्याच्या हातात दिल्या.

"संध्याकाळी ते दोघं येतील. फार बोलू नका त्यांच्याशी."

दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या. "नाहीतर बोला काय बोलायचंय ते. आणि तिची खोली मोकळी करा."

बसमध्ये बाईंनी फोन पिशवीच्या तळाशी टाकला. दोनदा तो वाजला. दोनदा त्यांचा हात पिशवीत गेला आणि रिकामा वर आला. आपण एवढं जिवाचं रान केलं ते परक्यांना आपलं घर वाटावं म्हणून, आणि ज्या पोरीचं ते घर तिलाच सेवेची पुन्हा संधी मागितली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवाही आपणच लावलेला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

लेकीने दार उघडलं. तिच्यामागे खोलीत भरलेली बॅग उभी होती, चेन लावलेली. निरोप पाठवायच्या आधीच ती भरली होती हे बाईंना कळलं.

"तू कशाला आलीस? पाहुणे यायचे असतील ना आज."

"अगं, मी नाव न बघता पाठवलं गं ते. चादर घालत होते."

"माहितीये मला." लेक पलंगावर बसली. "असली वाक्यं मी दिवसभर म्हणते आई. तयार वाक्य मला लांबून ओळखू येतं. तरी वाईट वाटलं."

लेक धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत होती. लोकांची यंत्रं बिघडली की ते फोन करत आणि ती उत्तरं देई. फोन ठेवताना लोक तिला तारे देत. एवढं बाईंना ठाऊक होतं. आजवर त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट लेकीच्या कंपनीत शिस्त आहे, असंच त्या सांगत.

"यंत्र त्यांचं बिघडलेलं असतं आणि तारे माझे कापतात," लेक सांगू लागली. "परवा एक आजी रडायला लागल्या. नवरा गेल्यापासून यंत्र चालवायला जमत नव्हतं. मी त्यांच्याशी बोलत बसले. त्यांनी पाच तारे दिले गं. पण तेवढ्यात खोळंबलेल्या बाकीच्यांनी एकेक दिला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा आकडा वाचून दाखवला. म्हटलं, पुरे झालं. जिथे मला कोणी तारे देणार नाही अशा ठिकाणी चार दिवस जाऊन झोपावं."

बाईंना रडू आलं. तोंडाशी कितीतरी गोड वाक्यं आली, पण सगळीच पाहुण्यांसाठी वापरलेली होती.

"चल घरी," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगते, खोली तुझी खरंच रिकामी नाहीये. तुझ्या पलंगावर टॉवेल आहेत."

"किती?"

"पलंग दिसत नाही."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. बाईंनी बॅग उचलली.

दोघी घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. वरच्या मजल्यावरही उजेड होता. स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेलांचा मनोरा, टीव्हीच्या डोक्यावर उश्या, आणि साबणाची खोकी थेट दारात. मधोमध ड्रायव्हरसाहेब घामाघूम उभे होते.

"पलंग सापडला," ते म्हणाले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले.

"पाहुण्यांना काय काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"जे आहे ते. गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. जिन्याची एक पायरी कुरकुरते. तळं लांब आहे, पण वाट चांगली आहे. आणि आमची लेक घरी येतेय, म्हणून मी जरा गडबडीत आहे."

बाईंनी डोळे मिटून घेतले. नळाची गोष्ट त्यांनी आजवर कोणाला कळू दिली नव्हती. मग त्यांनी मनोऱ्याच्या वरचा, सगळ्यात जाड टॉवेल काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"हा पाहुण्यांचा ना?"

"होता," बाई म्हणाल्या. दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि विरलेला पंचा फरशी पुसायला घेतला.

सकाळी लेक उशिरा उठली. केस पिंजारलेले, चेहऱ्यावर उशीचा वळ, पण कालच्यापेक्षा माणसात आलेली. तिघं चहाला बसले. बाईंनी आणखी चहा हवा का विचारण्याआधीच ड्रायव्हरसाहेबांनी कप पुढे केला, तेव्हा किटली रिकामी झाली होती.

"संपला," बाई म्हणाल्या.

"असं कोरडं नाही सांगायचं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, आणि छातीवर हात ठेवून, बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सुरू झाले, "आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार! क्षमस्व, या दिवसांत चहा उपलब्ध नाही. पुन्हा पिण्याची संधी द्यावी!"

लेकीच्या तोंडातला घोट टेबलावर उडाला. ती हसली, ठसका लागला, पुन्हा हसली. वरच्या मजल्यावर काहीतरी धपकन वाजलं. बाईंचं बोट सवयीने ओठांवर गेलं. लेकीने ते पाहिलं आणि ती गप्प व्हायला निघाली. बाईंनी बोट खाली घेतलं.

"हस गं," त्या म्हणाल्या. आणि लेकीला धीर यावा म्हणून आधी त्याच हसल्या. मग थांबता येईना. वर्षानुवर्षं न हसलेलं बरंच साचलं होतं.

वरचं जोडपं गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं मत आलं. लेक तेव्हाही घरातच होती. चार दिवस कधीच उलटून गेले होते, पण कोणी विषय काढला नव्हता. तिने आजूबाजूला नव्या कामाची चौकशी मात्र सुरू केली होती, आणि जिथे तारे असतील तिथे नको, एवढी एकच अट घातली होती. बाईंनी चष्मा लावला. चार तारे. खाली लिहिलं होतं, 'खोली स्वच्छ. मालक बडबडे आहेत, पण खरं बोलतात. तळ्याची वाट सुंदर. मात्र खालच्या घरात सकाळी फार मोठ्याने हसतात.'

सरासरी घसरली होती आणि नावापुढचा सोनेरी बिल्ला गेला होता. बाईंनी चष्मा पुसून परत पाहिलं. इतक्या दिवसांची सवय, बघणारच. लेक खांद्यावरून वाकून वाचत होती.

"माझ्यामुळे गेला ना," ती म्हणाली.

बाईंचा अंगठा अक्षरावर गेला आणि तक्रारीचं तयार वाक्य पडद्यावर हजर झालं: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत.' बाईंनी ते वाचलं. मग एकेक शब्द मागे घेत पुसून टाकलं, आणि एका बोटाने, सावकाश, अक्षर शोधत शोधत लिहिलं:

'हो. मुलगी घरी आली आहे.'