पाचवा टाका

"मनू, सगळे दागिने घाल हं! पाटल्या, बांगड्या, मोहनमाळ. आईला फोटोत दिसलं पाहिजे," उपेंद्र गॅलरीतून ओरडला. "आणि यल्ला, चल लवकर, ऊन सरकतंय."

"अहो, आलेच!" मनोरमा आतून म्हणाली. हे 'अहो' तिला गेले आठ दिवस फार आवडायला लागलं होतं.

साखरपुडा खोटा होता. उपेंद्रची पुण्यातली आई अंथरुणाला खिळलेली. मुलाचं जमल्याचा एक फोटो पाहिला की ती सुखाने डोळे मिटणार होती. कुणाला सांगायचं नाही, एवढीच अट. मनोरमा एकोणचाळीस वर्षांची, दुबईशेजारच्या अजमानमध्ये चौथ्या मजल्यावर एकटी राहून साड्यांना फॉल लावणारी. खोट्याने सुरू होऊन खरी झालेली लग्नं तिने मनात गोळा करून ठेवली होती. तीन सापडली होती.

साडीही त्यानेच आणली होती. अंजिरी. "नवी कोरी. तीनशे दिरहम, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये!"

निऱ्या करताना तिचा हात काठावर थांबला. फॉल आधीच लावलेला होता. दुकानातून लावून आणला असेल, म्हणून ती हसली. मग बोटं पुढे सरकली. चार साधे टाके, पाचवा दुहेरी. पुन्हा चार साधे, पाचवा दुहेरी. असा फॉल अख्ख्या आखातात एकच बाई लावत असे, आणि ती आत्ता आरशात उभी होती.

आरशातली बाई पांढरी पडली.

गेल्या वर्षी, सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये हीच साडी फॉलसाठी तिच्याकडे आली होती. शुभ्रा, अल ऐनची नर्स. "मावशी, खोटाच साखरपुडा आहे हो. त्याच्या आईसाठी फोटो. साडी त्यानेच दिलीय. कुणाला बोलू नका." मनोरमा बोलली नव्हती. एप्रिलमध्ये शुभ्रा गॅलरीतून पडली. अंगावर घरातला गाऊन होता, म्हणून कपडे वाळत घालताना तोल गेला, असं ठरलं. तिचं सोनं सापडलं नाही; ते कुणीतरी उचललं असावं, असंही ठरलं. तिचं इथे कुणीच नव्हतं, म्हणून मराठी मंडळाने हळहळ व्यक्त करून चहा घेतला. उपेंद्रने तीच गोष्ट सांगितली तेव्हा मनोरमाला शुभ्रा आठवली होती, पण आजारी आया पुष्कळ असतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तीन हजारांची साडी टाकून देणं उपेंद्रच्या जिवावर आलं असावं. माणूस पहिल्यापासून काटकसरी.

ती बाहेर आली. कॅमेरा स्टँडवर चढला होता. उपेंद्रने खुर्ची बाजूला सारली आणि कठडा थोपटला. "इथे टेकून उभी राहा. मागे समुद्र येईल."

लख्ख दुपार होती. वारा अजिबात नव्हता, तरी तिचा पदर हलत होता.

"अहो, पिन तुटली. खालच्या खतीजाकडून आणते."

"पिन कशाला? मी धरतो ना तुला."

"इन्शाल्ला," मनोरमा म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. चपला न घालता ती जिना उतरली आणि खतीजाच्या दारावरून तशीच पुढे रस्त्यावर गेली.

पोलीस ठाण्यात फॉल म्हणजे काय हे लेफ्टनंटला पटवायला दुभाष्या अन्वरला वीस मिनिटं लागली. मग सुई-दोरा मागवला गेला. मनोरमाने सगळ्यांसमोर रुमालावर वीतभर शिवून दाखवलं. लेफ्टनंटने रुमाल पाहिला, साडीचा काठ पाहिला, पुन्हा रुमाल पाहिला. उपेंद्रच्या शोधात एक गाडी निघाली, अल ऐनला एक फोन गेला.

अन्वरने जबानीचा कागद पुढे ओढला. "बहनजी, आप उसकी मंगेतर हैं?"

"नहीं. वो नाटक था."

"दोनों तरफ से?"

मनोरमाने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि ताठ बसली.

"हाँ, लिखो," ती म्हणाली, आणि सहीसाठी पेन मागितलं.