अडीअडचणीचे शब्द

अण्णांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे. आयुष्य चपलांच्या दुकानात गेलं. एक जोड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या बोलण्याला भुलून दोन घेऊन जायचं. अर्धांगवायूनं नेमकी जीभच नेली, आणि लिहिता हातही. आता ते मांडीवरच्या यंत्रातून बोलत. डाव्या हातानं बटण दाबलं, की वाक्य ऐकू यायचं. यंत्र त्यांच्या धाकट्या लेकीच्या कंपनीचं, आणि सकाळी ते सुरू करणारा प्रोग्रॅम लिहिलेला खुद्द धाकटीनं. घरात तिची कॉलर ताठ असायची.

आज मात्र ‘संपर्क करत आहे’ एवढंच दाखवत यंत्र ठिय्या देऊन बसलं होतं. रस्ता खोदताना केबल तुटली होती. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत पुढे जायचंच नाही, असं तिनंच ठरवलेलं. ऑफिसात नेटवर्क कधी जात नसे. ते गेलं तर काय, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि आजच तिच्या थोरल्या भावाची, दादाची गाडी दारात उभी. अण्णांना तो कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता.

“अण्णा, निघायचं ना?”

अण्णांनी यंत्राकडे बोट दाखवलं. त्यांची मान डुलली, पण ती आजारपणापासून डुलतच असायची.

“हो म्हणतायत,” दादानं परस्पर ठरवून टाकलं आणि बॅग भरायला घेतली.

“जरा थांब रे!” धाकटीनं लॅपटॉप जोडला. उत्तर आलं नाही तर थोडं थांबायचं आणि यंत्रातच साठवलेलं आहे त्यावर सुरू व्हायचं, एवढंच तिनं घाईघाईनं लिहिलं.

यंत्र सुरू झालं. अण्णांची रोजची वाक्यं सर्व्हरवरच राहिली होती. पडद्यावर आले अडीअडचणीचे पाच शब्द: पाणी, औषध, दुखतंय, बरं, धन्यवाद. तेही धाकटीनंच निवडलेले. ‘नको’ त्यात नव्हताच. आजारी माणूस काहीतरी मागेल आणि आभार मानेल, एवढंच तिला सुचलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांचं बोट पाचही शब्दांवरून फिरलं, पुन्हा फिरलं, आणि थांबलं.

“दुखतंय,” यंत्र म्हणालं.

दादा धावला. “कुठे? छातीत?”

अण्णांनी बॅगेकडे बोट केलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

“दुखतंय.”

दादानं खाली बसून बॅगेतले सदरे बाहेर काढायला सुरुवात केली.