राजूर घाटातलं न्यूटल

"पप्पा, तुमच्या गाडीत बसलं का माणसाले उलटी काऊन होते?"

समतानं विचारलं आणि लगेच जीभ चावली. पण बाण सुटला होता. अकरावीच्या चौघींनी डब्याच्या सुट्टीत पैज लावली होती, एका समोस्याची. "हिंमत असंल तं विचार तुह्या बापाले!" अश्विनी म्हणाली होती. आणि हिंमतीच्या गोष्टीत समता आता कोणाच्या बापाला ऐकत नव्हती. तालुक्याच्या कबड्डीत एका चढाईत तिघींना बाद करून आल्यापासून तर नाहीच नाही.

प्रेमानंद गाडीची काच पुसत होता. तो हसेल, एक टपली मारेल, असं तिला वाटलं होतं. त्याचा हात थांबला.

"कोण म्हणून राह्यलं?"

"अश्विनी. म्हणजे... समद्याच."

"बरं," तो म्हणाला, आणि पुसलेलीच जागा परत पुसायला लागला.

समोसा समताला मिळाला. गोड काही लागला नाही.

बावीस वर्षं प्रेमानंदनं बुलढाणा-मलकापूर काळी-पिवळी जीप हाकली होती. "प्रेमानंदच्या गाडीत बशीतला चहा हालत नाही," असं स्टँडवर म्हणायचे. जीप कशी, पाय सोडला की आपल्या तालात वाहत जायची, आणि त्या वाहण्यावरच तर त्याची सगळी कला! दिवाळीत जीप गेली, आणि ही पांढरी, विजेवरची आली. आवाज नाही, धूर नाही, नुसती वाऱ्याची झुळूक. पण तिला एक खोड होती. ॲक्सिलेटरवरून पाय उचलला की ती वाहायची नाही, आपणहून ओढून धरायची. समताला ते पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं होतं. गडी बाद करून मध्यरेषेकडे झेप घ्यावी आणि मागून कोणीतरी घोटा धरावा, तस्संच! अंग पुढे, पोट मागे.

"बिघाड नाही तो," शोरूमवाल्यानं समजावलं होतं. "चाकं थांबता थांबता वीज बनवतात, ती परत बॅटरीत जाते. पाय फक्त हळूहळू उचलायचा."

हळूहळू! बावीस वर्षांची सवय काय चप्पल आहे, दाराशी काढून ठेवायला? प्रेमानंदचा पाय जुन्या तालात सुटायचा, गाडी घोटा धरायची आणि मागची माणसं काचा खाली करायची. दर महिन्याला डोळे दाखवायला त्याच्याच जीपनं मलकापूरला जाणाऱ्या वच्छलाबाई परवा म्हणाल्या, "मी आपली एसटीनं जातो बापा." प्रेमानंदनंच त्यांची पिशवी एसटीत चढवून दिली. आणि त्यावर पोटच्या पोरीचा हा सवाल.

रविवारी मोताळ्याला मामाच्या पोरीचा साखरपुडा होता. समता पुढे बसली. मागे आई, धम्मशीला, मांडीवर खिरीचा डबा घेऊन.

राजूर घाट लागला तसं प्रेमानंदनं दोन सीटांमधलं गोल बटण फिरवलं. D वरून N वर.

"पप्पा, हे काय?"

"न्यूटल." किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "पाह्य आता. येते काय झटका?"

झटका नव्हताच. डिझेल वाचवायला सगळे जीपवाले घाटात गाडी न्यूटल करून सोडत. तीच जुनी विद्या त्यानं बाहेर काढली होती. गाडी तेलावरून सरकल्यासारखी निघाली.

"पाहा, खीर हालत नाही!" आई मागून म्हणाली. "असंच चालवत जा नं रोज."

समतानं स्क्रीनवर बॅटरीचा आकडा पाहिला. एकसष्ट टक्के. एरवी घाट उतरता उतरता आकडा दोन-तीननं वाढायचा. आज एकसष्टच. म्हणजे चाकं मोकळी होती, धरणारं कोणी नव्हतं. सगळा भार ब्रेकवर, आणि पप्पाचा पाय पहिल्या वळणापासून ब्रेकवरून उठलाच नव्हता.

दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. जळका वास यायला लागला.

सांगावं? ती परवा तोंड उघडून बसली होती, त्याचंच तर हे फळ. पप्पाचा चेहरा आता कुठे हसला होता. सात जणी अंगावर आल्या तरी जिचा दम तुटत नाही, त्या समताच्या तोंडून एक शब्द फुटेना.

"पाय..." प्रेमानंद म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "पाय खाली जाऊन राह्यला."

पुढे वळणावर एसटीची लाल पाठ मोठी होत चालली होती. तो ब्रेक दाबत होता, परत दाबत होता. आईला काहीच कळलं नव्हतं.

समताचा हात गेला. बटण फिरलं. N वरून D.

गाडीनं मागून घोटा धरला. करकचून! आईचं डोकं पुढच्या सीटवर आदळलं, डबा उलटला, खीर पाठीमागून समताच्या केसात. एसटी वळणाआड निघून गेली. गाडी रांगत रांगत कडेला लागली. स्क्रीनवर बॅटरी बासष्ट.

प्रेमानंद उतरला, कठड्यापाशी वाकला, आणि ओकला. मग तिथेच बसला.

"तुले शाळेत खाली पाहावं लागते म्हणून केलं मी," तो म्हणाला. "मले वाटलं, झटका गेला का पोरी हासणार नाहीत."

समताला सांगायचं होतं की ती एका समोस्याची पैज होती. सांगता आलं नाही. समोस्यासाठी बापाला विचारलं, हे पोरींच्या हसण्याहून वाईट होतं.

"आपल्याच्यानं होत नाही हे. स्टेरिंग सोडतो मी," प्रेमानंद म्हणाला. "इतकी वर्षं लोक उगाच म्हणत होते, चहा हालत नाही म्हणून."

धम्मशीला लुगड्यावरची खीर पुसत राहिली. वरून गाड्या उतरत होत्या, ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न देऊन हात करत होते, आणि प्रेमानंद वर पाहत नव्हता.

ब्रेक निवेपर्यंत तिघं तशीच बसली. मग समता उठली. केसात खीर, तरी आवाज मोठा.

"पप्पा, आई, आयका. उद्यापासून मी शाळेत सायकलनं जाणार नाही. या गाडीनं जाईन, पुढच्या सीटवर, हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन."

"पांढरा कुडता हाय तुह्या शाळेचा," आई म्हणाली.

"सांडू दे. अश्विनी हासू दे. तुमचा पाय हळू उठाले शिकत नाही, पप्पा, तोवर रोज बसीन. मी ठरवलं हाय."