हार घातलेली गाडी

हौशीराम गिरणीवाल्याच्या डुक्कर फियाटला शिरूरच्या एकाही मिस्त्रीचा हात लागला नव्हता, आणि ही गोष्ट त्याने शिरूरमध्ये एकाही माणसाला विसरू दिली नव्हती. गाडी चौपन्न सालची. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या परसात पडून होती, तिथून त्याने ती बैल जुंपून घरी आणली. तेव्हा पुढची दोन्ही चाकं भांडण झालेल्या जावांसारखी तोंडं फिरवून उभी होती. लोक हसले. हौशीरामने मनावर घेतलं आणि दोन वर्षांत स्प्रिंगा, बुश, बेअरिंग एकेक करत सगळं आपल्या हाताने बदललं.

आता खरं सांगायचं तर ‘आपल्या हाताने’ हे अर्धंच खरं होतं. गाडीबरोबर डॉक्टरांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यात प्रत्येक नटाचं चित्र आणि कोणतं काम कशानंतर करायचं ते लिहिलेलं. हौशीराम चौथी शिकलेला. पुस्तक वाचायची त्याची मुलगी रंभा, मॅट्रिक झालेली. तो गाडीखाली उताणा, ती ओट्याच्या पायरीवर. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची, तो तसं करायचा. लग्न होऊन दौंडला गेल्यावरही ती माहेरी आली की हे वाचन चालूच. पण पारावर बसला की हौशीराम छाती काढून म्हणायचा, “माझ्या एकट्याच्या हातची गाडी हाय.” तिथे पुस्तकाचं नाव निघत नसे, मुलीचं तर नाहीच नाही.

त्र्याहत्तर सालच्या खंडेनवमीला तो असाच गाडीखाली होता. रंभा बाळंतपणाला आलेली, मुलगी चार महिन्यांची झालेली. नवरा ज्ञानदेव तिला न्यायला आला होता. तो दौंडला रेल्वेच्या एका साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. त्या दिवशीचं काम टायरॉडचं होतं. टायरॉड म्हणजे स्टिअरिंग वळवलं की चाकं वळवणारा दांडा. त्याचं झिजलेलं टोक काढून हौशीरामने नवं बसवलं, त्यावर खाचांचं नट हाताने चढवलं.

“आता नट पान्यानं गच्च आवळा,” रंभाने वाचलं. “मग खाचंतनं नवी पिन घाला. एक पाय वर वळवा, एक खाली. न्हाईतर नट फिरून निघंल.”

पिन म्हणजे बोटाच्या पेराएवढी दोन पायांची तार. हौशीरामने पान्यासाठी हात बाहेर काढला, तर हातात पाना यायच्या ऐवजी बायकोचा आवाज आला.

“हत्यारं द्या आधी. पूजेचा मुहूर्त टळतोय.”

गिताबाईने पाने, पकडी, हातोडा, सगळं परातीत गोळा केलं. जॅकसुद्धा हत्यारच, तोही पूजेला हवा. म्हणून चाक चढवून गाडी खाली उतरवावी लागली. आत तान्ही रडायला लागली, रंभा पुस्तक मिटून गेली. पूजेला मांडलेली हत्यारं दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत उचलायची नाहीत, हा गिरणीतला जुना शिरस्ता. हौशीराम मनात म्हणाला, उद्या दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळी चहा पिताना ज्ञानदेवने सहज विचारलं, “मामा, झाली का गाडी?”

समोर पगारी ड्रायव्हर जावई. त्याच्यापुढे ‘थोडं राहिलंय’ म्हणायला हौशीरामची जीभ वळेना.

“झाली म्हंजी? माझ्या हातची हाय!”

दसऱ्याला पहिल्या एसटीने तो कवठे येमाईला भावाकडे गेला आणि दुपारी परतला. ओट्यासमोर गाडी नव्हती. ग्रीसचा डाग होता, फुटलेल्या नारळाची करवंटी होती आणि झेंडूच्या चार पाकळ्या होत्या.

“गाडी कुठं हाय?”

“रंभी घेऊन गेली की!” गिताबाई हसत बाहेर आली. “जावईबापूंला तार आली, सांजच्याला ड्युटीवर बोलावलंय. यष्टीत पाय ठेवाया जागा न्हाई. म्या म्हणलं, गाडी न्या. हार घातला, लिंबू बांधला. सणासुदीची लेक सासरी गाडीतनं उतरंल.”

हौशीराम चपलांसकट देवघरात शिरला. हत्यारं ओळीने मांडलेली. दोन पान्यांच्या मधे ती पिन, तिच्यावरही हळदीकुंकवाचं बोट. त्याने ती उचलली.

“ही कशापायी ठिवली हितं?”

“पान्यासंगं व्हती. म्हणलं हीबी हत्यारच. का वो? काय झालं?”

तिच्यावर ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हार घातलेली गाडी म्हणजे तयार गाडी, हे शेंबडं पोरही सांगेल. तिची काय चूक? तयार आहे म्हणून छातीठोकपणे सांगणारा तो होता. मुलगी, जावई आणि चार महिन्यांचं लेकरू हाताने फिरवलेल्या एका नटाच्या भरवशावर रस्त्याला लागलं होतं, आणि ते नट त्याने फिरवलं होतं.

“किती येळ झाला?”

“दीड तास झाला आसंल.”

शेजारी भिमाजी दूधवाला राहायचा. हौशीरामने पाना आणि पिन खिशात टाकली, भिमाजीला ताटावरून उठवलं आणि त्याच्या राजदूत फटफटीवर मागे बसला. गिताबाई दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं कळलं होतं.

पावसाने रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला हौशीरामला वाटे, इथे नट अर्धा आटा सैल झालं असेल. पुढच्या खड्ड्याला आणखी अर्धा. रस्त्यावर मधूनमधून झेंडूच्या पाकळ्या दिसत होत्या. पाकळ्या दिसल्या की जीव भांड्यात पडे, म्हणजे इथवर तरी नीट आली. मग मैलभर दिसल्या नाहीत की तो भिमाजीच्या खांद्यावरून मान उंचावून पुढचा रस्ता बघे.

“काय झालं आसतं तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं सांगितलं नसतं का?” भिमाजी ओरडून म्हणाला.

“तू गाडी हाण.”

न्हावऱ्याला रस्त्यावर माणसांचं कोंडाळं होतं. हौशीराम राजदूत थांबायच्या आधीच उतरला, धडपडला आणि लोकांना बाजूला सारत आत घुसला. मधे देवीची पालखी होती. कुणीतरी त्याच्या हातात आपट्याचं पान दिलं. तो नमस्कार न करताच मागे फिरला. असं त्याच्या हातून जन्मात घडलं नव्हतं.

पुढे उतार लागला. उताराच्या वळणावर झेंडूचा अख्खा हार रस्त्याकडेच्या चारीत पडलेला होता. मुरमात चाकांचे दोन माग रस्ता सोडून खाली उतरले होते आणि एका बाभळीच्या बुंध्यापाशी, वीतभर अलीकडे, संपले होते. गाडी नव्हती. हौशीरामने चारीत उतरून बुंध्याला हात लावून पाहिला.

शेरडं राखणारी एक म्हातारी पुढे आली.

“गाडी घसरली व्हती. बाई लेकराला उराशी धरून रडत व्हती. मग गाडी निघून गेली.”

“वढून नेली?”

“न्हाई. आपल्या चाकानं गेली की.”

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण त्याची भीती दुप्पट झाली. गाडीत एक पाना नव्हता, सगळे पूजेत होते. पिन त्याच्या खिशात होती. मग तो सांधा कशाच्या जोरावर पुढे गेला? दौंड अजून निम्मं लांब होतं. तिथून पुढे त्याने पाकळ्या शोधल्या नाहीत. तो नुसता चाऱ्या बघत राहिला.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरांपुढे फियाट उभी होती. धुळीने माखलेली, पण धड. घरातून तान्हीच्या रडण्याचा आवाज आला. चांगलं खणखणीत रडणं होतं ते. हौशीराम घरात गेला नाही. आत जायला त्याला तोंड नव्हतं. तो तिथेच नव्या धोतरानिशी गाडीखाली सरपटला.

नट जागेवर होतं. भोवती दगडाने ठोकल्याच्या खुणा. आणि नटाच्या खाचेतून एक काळा आकडा आरपार गेलेला होता, बायका अंबाड्याला खोचतात तो. त्याचा एक पाय वर वळवलेला, एक खाली. पुस्तकात लिहिलं होतं तस्सा.

हौशीरामला रडू कोसळलं. गाडीखाली कुणाला दिसत नव्हतं हे एक बरं झालं.

बाजूला पावलं येऊन थांबली. जोडव्यांची पावलं.

“ठकठक व्हाया लागली तवाच म्या वळखलं,” रंभा म्हणाली. “ह्यांनी ऐकलं न्हाई. म्हणले, मामांच्या हातची गाडी हाय, घाबरू नको. मग वळणावर स्टेरिंगच मोकळं फिरलं. नट शेवटच्या आट्याला लटकत व्हतं. तिथनं पुढं बैलगाडीगत आणली. आप्पा, पिन का न्हाई घातली? म्या वाचून दावली व्हती की.”

“व्हय. तू वाचली व्हतीस.”

“मग ह्यांना झाली म्हणून का सांगितलं?”

“मोठेपणापायी, पोरी. खोटं बोललो मी.”

मग हौशीरामने पाना नटाला लावला आणि विचारलं, “पुस्तक आणलंय का?”

“शिरूरलाच राहिलं.”

“मग तोंडपाठ सांग.”

रंभाने पदर खोचला. मग वाचताना काढायची त्याच आवाजात म्हणाली, “आधी आकडा काढा. नट पान्यानं गच्च आवळा.”

त्याने आवळलं.

“खाचंतनं नवी पिन घाला.”

पिनेवर अजून कुंकू होतं. त्याने ते पुसलं नाही, पिन तशीच घातली.

“एक पाय वर. एक खाली.”

तोवर ज्ञानदेव आणि चार शेजारी गोळा झाले होते. त्यातल्या एका इंजिन फिटरने वाकून सांधा पाहिला. “पावणं, काम झ्याक हाय. कुण्या मिस्त्रीचं?”

ज्ञानदेव सासऱ्याच्या उत्तराची वाट बघत खाली बघू लागला. ते उत्तर त्याला पाठ होतं.

हौशीरामने आकडा धोतराला पुसून बाहेर मुलीकडे सरकवला.

“मला काय इचारता?” गाडीखालून तो म्हणाला. “मिस्त्री वर उभी हाय.”