न पळताच झालेला घाटाचा राजा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि वर्षभर एक पत्र माझ्या डोक्यावर होतं. माझी मालकीण मोहिनी हिने ते मॉनिटरवर ठेवलं होतं. उत्तर मात्र दिलं नव्हतं. बोरी गावच्या यात्रा कमिटीच्या धर्माजींनी लिहिलं होतं, ‘पुढल्या वर्षी गाड्यांची यादी वहीतच होईल. तुझा डबा भंगारात दे.’

माझी जुळणी पुण्यात झाली. चार वर्षं कचेरीत राबलो. मग मोहिनीच्या वडिलांनी टोमॅटो उतरवून रिकाम्या झालेल्या टेम्पोतून मला त्यांच्या आळे गावी आणलं. मोहिनी पुस्तकावरून सी प्लस प्लस शिकू लागली.

यात्रेत बैलगाडे किती येतील, कुणाला ठाऊक? म्हणून तिने वाढती यादी केली. सुरुवातीला पन्नास नावांची जागा आणि प्रत्येक गाड्याला टोकनचा नंबर. ती भरली की मी मोठी जागा शोधायची, सगळी नावं तिकडे न्यायची, जुनी जागा सोडायची. गाडे पळतात त्या चढणीला घाट म्हणतात; सर्वांत वेगवान गाडा म्हणजे घाटाचा राजा. तो यादीत कुठे आहे, ती जागा प्रोग्राम लक्षात ठेवी. घरी आठ नावांवर सगळं बिनचूक आलं.

यात्रेत शर्यती चालू असतानाच बहिरू नाव द्यायला आला. एक्कावन्नावा. यादी हलली, पण प्रोग्राम राजाला जुन्याच जागेत शोधत राहिला. त्या सोडलेल्या जागेत आता नुकतंच टाइप केलेलं बहिरूचं नाव येऊन बसलं होतं. भोंग्यावरून तोच राजा जाहीर झाला!

“राव, बैलं चिंचंखाली कडबा खात्यात, अन् राजा झालं व्हय?” कुणीतरी ओरडलं.

“कम्पुटर हाय का ज्योतिषी?” धर्माजी माइकवरच म्हणाले. सगळा घाट हसला.

मित्रांनो, मी मुळात भित्रा. दोष माझाच असावा, असं मला वाटत राहिलं. मग ते पत्र आलं. मोहिनीने कितीदा उत्तर टाइप केलं आणि पुसलं.

यात्रा पुन्हा जवळ आली. चूक सापडेना म्हणून ती कपाळ धरून बसली होती. तिच्या आईने, गोजरबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

“गाडे वढ्याकाठून माळावर नेले, तर तू वढ्याकाठीच हुडकशील व्हय गं? टोकनचा नंबर इचार की! त्यो कुठं बदलतोय?”

मोहिनी ताडकन उठली. तिने प्रोग्रामला राजाची जागा विसरायला लावली आणि टोकनचा क्रमांक लक्षात ठेवायला लावला. मग तीनशे खोटी नावं भरली. मी पन्नासची शंभर, शंभरची दोनशे, दोनशेची चारशे जागा केली. राजा एकदाही चुकला नाही.

तिने पत्र लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: ‘धर्माजीकाका, चूक माझी होती, डब्याची नव्हे. ती मी दुरुस्त केली. वही खुशाल ठेवा. शेजारी आम्हीही बसू. हसायचं असेल तर निकालानंतर हसा. गाडे कितीही येऊ द्या.’

मित्रांनो, चूक शोधण्याआधी कुणालाही भंगारात काढू नका. जुन्यालाही नाही, शिकणाऱ्यालाही नाही.

खिडकीतून समोरची टपालाची लाल पेटी दिसते. मोहिनीने पत्र आत सोडलं, पेटीवर एक थाप मारली आणि मान ताठ ठेवून परत आली.