आधी डिग्री घे

श्यामकांत राजवाड्यांना एकदा एखादी गोष्ट पटली की पटली. मग जर्मनीतल्या डार्मश्टाटमधली अख्खी मराठी मंडळी समजवायला आली तरी हा माणूस जागचा हलायचा नाही. त्यांच्या मुलीला, मैथिलीला, मेडिकलला प्रवेश मिळत नव्हता आणि त्याचं कारण त्यांनी घरबसल्या शोधून काढलं होतं. पोरीला अर्जच करता येत नाही.

“टेक्निकल युनिव्हर्सिटीची इंजिनिअर आहेस तू. हे ठासून सांगायला नको? इथे गप्प बसणाऱ्याला कोण विचारतं?”

मैथिली एकतीस वर्षांची. आठवडाभर पंपांच्या कंपनीत नोकरी करायची आणि शनिवार-रविवार हौसेने रुग्णवाहिकेवर जायची. तिथून परतली की दमलेली असायची, पण चेहरा कसा फुललेला. तिची आई शोभनाताई नवऱ्याला म्हणायच्या, “अहो, सोमवारी हिचं तोंड बघवत नाही हो मला.”

“राहू दे ना, बाबा,” मैथिली जर्मनमध्ये म्हणाली. बाबांशी ती जर्मनमध्येच बोलायची. पण बाबा ऐकतील तर शपथ. विद्यापीठात जाऊन भेटायचं म्हणजे भेटायचंच, असं त्यांनी महिनाभर टुमणं लावलं. शेवटी तिने अपॉइंटमेंट घेतली आणि दोघं शेजारच्या शहरातल्या विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात जाऊन बसली.

सल्लागार फ्राऊ लेंत्स साठीला टेकलेल्या, शांत बाई होत्या. श्यामकांतांनी त्यांना तोंड उघडायची संधीच दिली नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, आबिटूरमध्ये, मुलीला एक पूर्णांक एक, म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी. वर मेकॅनिकलची पदवी. पदवीचे मार्क जरा कमी आहेत, मान्य. पण पदवी ती पदवी.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “अडचण तीच आहे.”

मग त्यांनी सावकाश समजावलं. ज्याच्याकडे इथली एक पदवी आधीच आहे, त्याची रांग वेगळी. त्या रांगेला शंभरात तीन जागा. तिथे शाळेचे मार्क कुणी बघत नाही, पदवीचे बघतात. आणि मैथिलीचे पदवीचे मार्क बघता तिथे काही होण्यासारखं नव्हतं.

“आणि पदवी अर्धवट सोडली असती तर?” श्यामकांतांनी आपलं वाद घालायचा म्हणून विचारलं.

“तर शाळेचे मार्क धरले असते. मग बहुतेक केव्हाच जागा मिळाली असती.”

श्यामकांतांना नऊ वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. बावीस वर्षांची मैथिली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, मला हे सोडून डॉक्टर व्हायचंय. ते रागावलेसुद्धा नव्हते. “आधी डिग्री घे, मग काय वाटेल ते कर,” एवढंच म्हणाले होते. कुठला बाप म्हणत नाही हो? त्यांनाही त्यांच्या वडिलांनी हेच सांगितलं होतं आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

बरं, पोर यातून सुटण्याच्या बेतात होती. टेक्निकल मेकॅनिक्समध्ये ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदाही नापास झाली असती तर नियमानेच बाहेर पडली असती. पण बापाने रजा टाकली आणि जेवणाच्या टेबलाशी तिच्या शेजारी ठाण मांडलं. ती रडायची, आकृती खोडायची, पुन्हा काढायची. हे म्हणायचे, येईल गं, कसं येत नाही. आणि ती काठावर पास झाली. तेव्हा या गृहस्थांनी दूध पावडरीचे पेढे स्वतः वळून मराठी मंडळात वाटले होते. इतका आनंद त्यांना स्वतःच्या नोकरीचाही झाला नव्हता.

श्यामकांत खुर्चीत पुढे सरकले.

“ती परत करता येते का?” त्यांनी विचारलं. “पदवी. आम्हाला नकोय ती.”

फ्राऊ लेंत्स हसल्या नाहीत. त्यांनी आधी मैथिलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “नाही, हेर राजवाडे. पास झालेलं माणूस नापास करता येत नाही.”

बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये ते मध्येच थांबले. मुलीकडे बघायची हिंमत होईना.

“मैथिली, मी तुझं वाटोळं केलं गं.”

तिने त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मग अडखळत, शब्द शोधत मराठीत बोलली. “परत करायचं मी पण विचारलं होतं, बाबा. दोन वर्षं झाली. ह्याच बाईंना.”

“मग मला बोलली का नाहीस? मी आपला रोज तुझ्या डोक्याशी...”

“तू किती खूश होतास तेव्हा. मी पास झाले तेव्हा.” ती थांबली. “मला ते तुझ्याकडून काढून घ्यायचं नव्हतं.”

श्यामकांतांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांसमोर ते ढसाढसा रडले.