फताडी बुडायला लागली

आमची बदकं दिवसेंदिवस पांढरीशुभ्र होत गेली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून ते त्याला परसात नेत आणि म्हणत, "आणली तेव्हा मळकी होती हो! माझ्या पाण्याचा गुण आहे हा."

'माझं पाणी' म्हणजे आमच्या घराचं सांडपाणी. आमच्या गल्लीपर्यंत गटाराची लाइन आलेलीच नाही. संडासाची टाकी वेगळी आहे, पण न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि कपड्यांचं मशीन यांचं पाणी परसात जातं. सासरे, म्हणजे आमचे बाबा, शहराच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. हात स्वस्थ बसेनात. त्यांनी खड्डा खणला, खडी घातली, वाळू घातली, कडेनं कर्दळी लावल्या आणि शेवटी जे साठलं त्याला 'जलाशय' म्हणायला लागले. सासूबाई 'डबकं' म्हणत. या एका शब्दावरून दोघांचं वर्षभर वाजत होतं, म्हणून बाबांनी थेट चार बदकंच आणून सोडली.

"पाणी वाईट असतं तर बदक राहिलं असतं का? चालतंबोलतं प्रमाणपत्र आहे हे!"

"बदकाचं काय सांगता," सासूबाई म्हणाल्या, "ते चिखलातसुद्धा आवडीनं तोंड घालतं."

माझी थोरली ठमी साडेतीन वर्षांची. तिचा जीव चौघांतल्या फताड्या पायांच्या बदकावर. त्या बदकाला ती फताडी म्हणायची, आणि बालवाडीतून आली की दप्तर टाकून आधी तिला भेटायची. धाकटा पाच महिन्यांचा, म्हणजे दिवसाला वीस लंगोट. मला वास जराही खपत नाही, त्यामुळे मशीनमध्ये पावडर घालताना माझा हात सढळ. बाकी कुठे नाही, पण तिथे मी दानशूर.

मग एके दिवशी फताडी पाण्यात खोल बसलेली दिसली. बाकीची वर, ही निम्मी आत.

"लठ्ठ झालीय," बाबांनी निदान केलं आणि तिचं खाणं निम्म्यावर आणलं. दोन दिवसांनी ती आणखी खाली गेली. "आळस! दुसरं काय."

"बाबा, बदकाला पोहायचा आळस?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"तुला नव्हता? शिकवणी लावावी लागली होती तुला."

"मग हिलाही लावा," सासूबाई म्हणाल्या.

मी कुणाला न विचारता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी फताडीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो घरंगळायला हवा होता. फडक्यात मुरावा तसा पिसांत मुरला.

"हिचं तेल गेलंय. शेपटीपाशी तेलाची गाठ असते. चोचीनं तेच तेल अंगभर लावतात, म्हणून भिजत नाहीत. तळ्यात साबण जातो का?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी कडेवरच्या धाकट्याकडे बघितलं. तो खुशाल मूठ चोखत होता.

"तरीच इतकी पांढरी," सासूबाई पुटपुटल्या.

"साबणावरच भागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरकटं जातं, पाणी साचतं, ऊन तापलं की त्यात विष धरतं, आणि बदकं मान टाकतात. चौघांनाही आजच बाहेर काढा, स्वच्छ पाणी द्या, उबेत ठेवा. आणि यांची अंडी मुलीला अजिबात देऊ नका."

बाबा ताठ झाले. "मी तीस वर्षं अख्ख्या शहराला पाणी पाजलंय."

"शहराला पिसं नव्हती, काका."

नवऱ्याला ठसका लागला. बाबांना तोच जास्त लागला. डॉक्टरीणबाईंची पाठ वळताच त्यांनी फताडीला उचललं आणि परत पाण्यात सोडलं. "सूनबाई पावडर कमी करेल. दोन दिवसांत तरंगेल ही."

मी बोलायला हवं होतं. पण पावडर माझीच. तोंड उघडलं असतं तर चोराच्या उलट्या बोंबा झाल्या असत्या. मी गपचूप आत जाऊन धाकट्याला पाजायला घेतलं.

तेवढ्यात ठमीची किंकाळी आली. "आजोबा! फताडीचं फक्त डोकं उरलंय!"

मी बाळासकट धावले. बाबा चष्मा, चपला आणि हातातल्या वर्तमानपत्रासह जलाशयात उतरले होते. छातीपर्यंत. एक पाय गाळात रुतलेला, काखेत पिळायच्या कपड्यासारखी लोंबणारी फताडी. नवऱ्यानं दोन्ही हातांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. ते काठावर उभे राहिले, आणि त्यांच्या अंगावरून जे ओघळायला लागलं त्यानं आम्ही सगळे एकेक पाऊल मागे सरलो.

बाबांनी स्वतःची बाही हुंगली. "वास येतोय," ते म्हणाले.

सासूबाईंनी वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर ठिबकत उभा होता, आणि त्या आत जाऊन मोठा टॉवेल घेऊन आल्या. आधी बदकाला गुंडाळलं, मग बाबांचं डोकं पुसलं.

"मेली का?" ठमीनं विचारलं.

"नाही गं. थरथरतेय."

"तुम्ही पण थरथरताय, आजोबा."

उरलेली तिन्ही बदकं तासाभरात बाहेर आली. दुसऱ्या दिवशी बाबांनी तळ्याभोवती स्वतः जाळी ठोकली, एक खिळा अंगठ्यावर घेऊन. तिघांना नळाच्या पाण्याचं घमेलं मिळालं. फताडीची रवानगी न्हाणीघरात झाली, धाकट्याच्या टबात. बाबा स्टुलावर बसून दिवसातून चारदा तिचं पाणी बदलत. पाच दिवस ती नुसती मान आखडून बसून होती. ठमी रोज दारातून विचारायची, "झाली बरी?" आणि बाबा रोज म्हणायचे, "होतेय." सहाव्या दिवशी मी धाकट्याला उघडाबंब घेऊन दाराशी गेले.

"बाबा, याची आंघोळ राहिलीय."

"श्श!" ते दबक्या आवाजात म्हणाले.

फताडीनं मान मागे वळवली होती. चोच शेपटीपाशी नेत होती आणि तीच चोच पंखांवरून फिरवत होती. पुन्हा शेपटी, पुन्हा पंख. बाबांचे डोळे भरून आले होते.

"तेल लावतेय," ते म्हणाले. "मध्ये बोलू नकोस, विसरेल."

मी दार हळूच लोटलं आणि धाकट्याला स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये बसवलं.